व्याकरणिक लिंग व स्त्रीलिंगी शब्द : मराठी आणि खानदेशी बोली

नामांची ज्या वर्गांत विभागणी होते आणि ज्या वर्गांना अनुसरून वाक्यातील विशेषण, सर्वनाम, क्रियापद इ. शब्दांची रूपे बदलतात, त्या वर्गांना व्याकरणात लिंगे म्हणतात. ‘पांढरा घोडा धावला’, ‘पांढरी घोडी धावली’ आणि ‘पांढरे घोडे (किंवा घोडं) धावले’ या वाक्यांत नामाच्या लिंगाची खूण विशेषणावर व क्रियापदावरही उमटते. हा अन्वय हेच लिंगाचे खरे लक्षण होय. नर व मादी यांसाठी निरनिराळे शब्द असणे एवढ्याने भाषेत लिंगव्यवस्था आहे, असे म्हणता येत नाही. बंगालीत नर-मादीवाचक शब्द भरपूर आहेत. परंतु त्यांमुळे विशेषण वा क्रियापद बदलत नसल्याने त्या भाषेत व्याकरणिक लिंग नाही, असे मानतात. लिंग ही भाषेची व्यवस्था असून नरत्व व मादीत्व हा निसर्गाचा भेद आहे. या दोहोंचा संबंध किती आणि कोणत्या प्रकारचा, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

जगातील सर्व भाषांत लिंगव्यवस्था आढळत नाही. ग्रेव्हिल कॉर्बेट या भाषाशास्त्रज्ञांनी तपासलेल्या २५७ भाषांपैकी १४५ भाषांत ती मुळीच नाही. उरलेल्या ११२ पैकी ८४ भाषांत तिचा पाया स्त्री-पुरुषभेद हा असून २८ भाषांत तो सजीव-निर्जीव यांसारख्या अन्य भेदांवर आधारलेला आहे. तुर्की, फार्सी, हंगेरियन व फिनिश या भाषांत लिंग नाही. हिंदी व फ्रेंच यांत दोन, तर जर्मन, रशियन, संस्कृत व मराठी यांत तीन लिंगे आहेत. आफ्रिकेतील स्वाहिलीसारख्या बांटू भाषांत नामांचे अनेक वर्ग असून त्यांत स्त्री-पुरुषभेदाला स्थान नाही. ऑस्ट्रेलियातील जिरबल भाषेत नामांचे चार वर्ग आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९७२ मध्ये वर्णिले. त्यांपैकी दुसऱ्या वर्गात स्त्रिया, अग्नी, पाणी व युद्धाशी संबंधित वस्तू एकत्र येतात. महाराष्ट्रातही अशी विविधता आहे. मेळघाटातील कोरकू भाषेत सजीव व निर्जीव हा भेद मुख्य आहे, तर गोंडी व कोलामी या द्राविडी भाषांत पुरुषवाचक व पुरुषेतर असे दोन वर्ग असून स्त्रिया, पशू आणि वस्तू दुसऱ्या वर्गात पडतात.

प्राचीन विवेचन : पाश्चात्त्य परंपरेत तीन लिंगांची कल्पना प्रथम प्रोटॅगोरस (इ. स. पू. पाचवे शतक) याने मांडली, असे ॲरिस्टॉटलच्या लेखनावरून दिसते. शब्दाचे रूप व वस्तूचे लिंग यांचा मेळ बसला पाहिजे, या आग्रहाची ॲरिस्टोफेनीसने मेघविषयक आपल्या प्रहसनात (इ. स. पू. ४२३) थट्टा केली. कोंबडा व कोंबडी या दोहोंसाठी ग्रीकमध्ये एकच शब्द रूढ असता, त्याचे नवे स्त्रीलिंगी रूप बनविण्याचा उपदेश त्यातील तत्त्वज्ञ करतो.

भारतीय वैयाकरणांनी या प्रश्नाचा अधिक खोल विचार केला. पाणिनीने स्त्रीप्रत्ययांचे स्वतंत्र प्रकरण रचले. त्यावरील महाभाष्यात (इ. स. पू. दुसरे शतक) पतंजलीने शारीरिक लक्षणांवरून लिंग ठरविण्याचे मत प्रथम मांडले व नंतर त्यातील अडचणी दाखविल्या. खाट (खट्वा) स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी असण्यास कोणतेही शारीरिक लक्षण कारण नाही. ‘तट’ हा शब्द तर तिन्ही लिंगांत चालतो. ‘दार’, ‘भार्या’ व ‘कलत्र’ या तिन्ही शब्दांचा अर्थ पत्नी असाच असून पहिला पुल्लिंगी, दुसरा स्त्रीलिंगी व तिसरा नपुंसकलिंगी आहे. लिंग हे अखेर लोकव्यवहारावर अवलंबून असते. शास्त्राने ते शिकविण्याची वस्तू नव्हे, हे मत महाभाष्यात येते. लिंग सांगण्यासाठी कोशांचा आधार घेण्याची जी प्रथा पुढे रूढ झाली, तिचे मूळ याच विचारात आहे. अमरकोशाचे मूळ नाव नामलिंगानुशासन असे असणे त्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

स्त्रीलिंगाची उत्पत्ती : इंडो-यूरोपीय भाषाकुलात तीन लिंगे आरंभापासून होती, असा समज एकोणिसाव्या शतकात होता. १९१५ च्या सुमारास हिटाइट भाषेचा उलगडा झाल्यावर त्याला धक्का बसला. या कुलातील सर्वांत जुने लेख असलेल्या या भाषेत सचेतनवाचक सामान्यलिंग व नपुंसकलिंग अशी दोनच लिंगे आढळतात. त्यामुळे मूळ भाषेत सचेतन व अचेतन असा भेद होता आणि स्त्रीलिंग हा वर्ग हिटाइटची शाखा वेगळी झाल्यानंतर तयार झाला, हे मत पुढे बहुतेक अभ्यासकांनी स्वीकारले. योहानेस श्मिट यांनी १८८९ मध्येच नपुंसकलिंगाचे अनेकवचन व स्त्रीलिंगाचा ‘-आ’ प्रत्यय यांचे मूळ एक असल्याचे दाखविले होते. वेदात ‘युग’ या नपुंसकलिंगी शब्दाचे अनेकवचन ‘युगा’ असेही होते. ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी अनेकवचनी कर्त्याला एकवचनी क्रियापद लागते, याचेही कारण हेच. म्हणजे समूह वा भाव दाखविणारा एक प्रत्यय कालांतराने स्त्रीवाचक नामांची खूण बनला. भाववाचक नामे अनेक भाषांत स्त्रीलिंगी का असतात, याचे उत्तर त्या गुणांच्या ‘स्त्रीसुलभते’त न शोधता या प्रत्ययाच्या इतिहासात शोधावे लागते.

मराठीतील परंपरा : संस्कृतातील तीन लिंगे प्राकृतांतून आधुनिक भारतीय आर्य भाषांत सारखी उतरली नाहीत. हिंदी, पंजाबी व सिंधी यांत नपुंसकलिंग लोपले. बंगाली, असमिया व ओडिया यांत लिंगाचा अन्वयच नाहीसा झाला. मराठी, गुजराती व कोकणी या पश्चिमेकडील भाषांनी मात्र तिन्ही लिंगे टिकविली. दादोबा पांडुरंग यांच्या व्याकरणापासून (१८३६) मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणापर्यंत (१९११) सर्व व्याकरणकारांना लिंगनिर्णय हे कठीण प्रकरण वाटत आले आहे.

तीन लिंगे टिकली, तरी शब्दांची लिंगे स्थिर राहिली नाहीत. संस्कृतातील पुल्लिंगी ‘अग्नि’पासून आलेला ‘आग’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी झाला. ‘राशि’ हा पुल्लिंगी शब्द ‘रास’ या रूपात, तर ‘वस्तु’ हा नपुंसकलिंगी शब्द जसाच्या तसा स्त्रीलिंगात गेला. ‘संधी’ हा शब्द वर्णांच्या जोडणीच्या अर्थी पुल्लिंगी, तर अनुकूल वेळेच्या अर्थी स्त्रीलिंगी आहे. ‘वेळ’ पुल्लिंगात व स्त्रीलिंगात वेगवेगळ्या छटांनी वापरतात. शेजारच्या हिंदीशी तुलना केल्यास हा फरक अधिक जाणवतो. आत्मा, मृत्यू व विधी हे शब्द मराठीत पुल्लिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. पुस्तक मराठीत नपुंसकलिंगी, तर हिंदीत स्त्रीलिंगी आहे. ‘दुकान’ हा शब्द लिंगविरहित फार्सीतून दोन्ही भाषांत आला. तो मराठीत नपुंसकलिंगी आणि हिंदीत स्त्रीलिंगी ठरला. इंग्रजीतून आलेल्या बस, मोटार, कार व ट्रेन या शब्दांना मराठीने ‘गाडी’च्या साम्याने स्त्रीलिंग दिले.

मराठीत स्त्रीलिंगाचा आणखी एक उपयोग लहान आकार दाखविण्यासाठी होतो. दोरा-दोरी याचा अपवाद वगळता गाडा-गाडी, सुरा-सुरी, डबा-डबी, नळा-नळी, दांडा-दांडी अशा जोड्यांत पुल्लिंगी वस्तू मोठी व स्त्रीलिंगी वस्तू लहान असते. विळा व विळी यांत मात्र भेद आकाराचा नसून कामाचा आहे. विळा शेतात कापणीसाठी वापरतात, तर विळी स्वयंपाकघरात भाजी चिरण्यासाठी. नपुंसकलिंगाने लहान वय, अनिश्चितता वा तुच्छता सूचित होते (पोरगं, कुत्रं). परंतु स्त्री-पुरुषांचा एकत्र उल्लेख करतानाही मराठी नपुंसकलिंगच योजते : ‘मुले आली’, ‘माणसे जमली’. मराठीतील नपुंसकलिंग हे केवळ जडवस्तूंचे लिंग नसून अंशतः उभयलिंगही आहे. कोकणीत तरुण वा अविवाहित मुलीसाठी नपुंसकलिंगी रूपे वापरण्याची प्रथा आहे. जर्मनमध्ये मुलगी या अर्थाचा ‘मेडशन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. पण तेथे त्याचे कारण लघुत्वदर्शक प्रत्यय हे होय.

झाड व फळ : लिंगाच्या साहाय्याने शब्दसंपत्ती कशी वाढते, याचे उत्तम उदाहरण झाडांच्या व फळांच्या नावांत मिळते. जळगाव शहरात समाविष्ट झालेले मेहरूण हे ठिकाण तेथील तलावासाठी व बोरांसाठी प्रसिद्ध असून ‘मेहरूण’ हे बोराच्या एका वाणाचेही नाव आहे. मराठीत बोर किंवा बोरी (स्त्री.) हे झाड व बोर (न.) हे त्याचे फळ. जळगाव जिल्ह्याचे मुख्य फळपीक असलेल्या केळीतही केळ (स्त्री.) हे झाड व केळे (न.) हे फळ असा भेद आहे. ‘बोर’ हा शब्द संस्कृत ‘बदर’पासून आला असून हा वर्णबदल प्राकृत वैयाकरणांनी स्वतंत्रपणे नोंदविला आहे. संस्कृतात बदरी (स्त्री.) हे झाड, तर बदर (न.) हे फळ. आमलकी व आमलक यांचाही संबंध असाच. झाडाच्या नावापासून फळाचे नाव बनताना प्रत्ययाचा लोप होतो, असा नियम पाणिनीने दिला असून त्यावरील काशिकावृत्तीत हीच उदाहरणे येतात. लॅटिनमध्येही नासपतीचे झाड (पिरुस) स्त्रीलिंगी व फळ (पिरुम) नपुंसकलिंगी, सफरचंदाचे झाड (मालुस) स्त्रीलिंगी व फळ (मालुम) नपुंसकलिंगी आहे. मेहरूणच्या बाजारात बोरे विकणाऱ्याच्या बोलण्यातील हा भेद त्या दृष्टीने फार जुना आहे. आंबा, पेरू व फणस हे शब्द मात्र झाड व फळ या दोन्ही अर्थी पुल्लिंगी आणि चिंच दोन्ही अर्थी स्त्रीलिंगी असल्याने हा नियम मराठीत सार्वत्रिक नाही.

खानदेशातील बोली : खानदेशचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. त्यांतून पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आणि १९९८ मध्ये धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा झाला. पश्चिमेकडे अहिराणीचा व जळगावच्या पूर्वेकडील भागात लेवा (तावडी) बोलीचा प्रसार आहे. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न होता भिल्ली भाषांसमवेत (१९०७) झाला. तेव्हापासून ती मराठीची बोली की गुजराती व मराठी यांमधील स्वतंत्र भाषा, हा वाद चालू आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी स्वतंत्रपणे नोंदली गेली असून तिच्या भाषकांची संख्या १८ लाखांवर होती.

या वादात लिंगव्यवस्थेचा पुरावा उद्‍बोधक आहे. तीन लिंगे असणे मराठी व गुजराती या दोहोंचेही लक्षण असल्याने त्यावरून निर्णय होत नाही. लिंगवाचक प्रत्ययांकडे पाहावे लागते. संबंध दाखविण्यासाठी गुजरातीत ‘-नो, -नी, -नुं’, मराठीत ‘-चा, -ची, -चे’ व अहिराणीत ‘-ना, -नी, -न’ हे प्रत्यय लागतात. ‘मना भाऊ’, ‘मनी माय’, ‘मन घर’ ही अहिराणी रूपे पाहता व्यंजन गुजरातीचे, तर पुल्लिंगाचा ‘आ’ हा स्वर मराठीचा असल्याचे दिसते. तोच स्वर ‘गया’ (गेला) व ‘गयी’ (गेली) या क्रियारूपांत आढळतो. ‘काय करी राहिना’ व ‘काय करी राहिनी’ या प्रश्नांतून समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री ते कळते. तिन्ही भाषांत पुल्लिंग व नपुंसकलिंग यांचे प्रत्यय भिन्न असले, तरी स्त्रीलिंगाचा ‘-ई’ हा प्रत्यय तिन्हींत एकच आहे. तो संस्कृत ‘-इका’पासून आला (घोटिका-घोडी). भाषांच्या सीमेवर पुल्लिंगाचे रूप बदलले. स्त्रीलिंगाचे टिकून राहिले. मुलगा व मुलगी या अर्थांचे ‘आंडोर’ व ‘आंडेर’ हे अहिराणी शब्द मात्र या सामान्य पद्धतीहून निराळे असून त्यांत भेद अंतर्गत स्वराने दाखविला जातो. लेवा बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येत असला, तरी तिचे संबंधवाचक प्रत्यय मराठीप्रमाणे ‘-चा, -ची’ असेच आहेत.

बोलणाऱ्याचे लिंगही मराठीत प्रथमपुरुषी क्रियापदातून व्यक्त होते (मी जातो, मी जाते). हा नियमही सर्वत्र सारखा नाही. कोल्हापूर व लगतच्या भागांत स्त्रियाही स्वतःविषयी ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी रूपे वापरतात. त्याला अशुद्ध ठरविणे हे प्रमाणभाषेच्या मापाने बोली मोजण्यासारखे आहे.

व्यक्ती व पदे यांची स्त्रीलिंगी नावे : मराठीत ‘-ई’ (मुलगा-मुलगी) व संस्कृत ‘-इनी’पासून आलेला ‘-ईण’ (वाघ-वाघीण, माळी-माळीण) हे मुख्य स्त्रीप्रत्यय होत. बैल-गाय, रेडा-म्हैस, मोर-लांडोर यांसारख्या जोड्यांत दोन्ही शब्द स्वतंत्र असतात. मनुष्यवाचक नामांना ‘-ईण’ लागतो, तेव्हा अर्थ संदिग्ध होतो. ‘पाटलीण’ म्हणजे पाटलाची पत्नी. पाटीलकी करणारी स्त्री नव्हे. ‘मास्तरीण’ व ‘डॉक्टरीण’ या शब्दांत पत्नी व व्यावसायिक स्त्री हे दोन्ही अर्थ मिसळले. हा प्रश्नही नवा नाही. संस्कृत व्याकरणपरंपरेने आचार्याच्या पत्नीस ‘आचार्यानी’, तर स्वतः व्याख्यान करणाऱ्या स्त्रीस ‘आचार्या’ म्हटले. उपाध्यायाची पत्नी ‘उपाध्यायानी’. स्वतः शिकविणारी स्त्री ‘उपाध्यायी’ किंवा ‘उपाध्याया’. पतीच्या नात्याने मिळणारे नाव व स्वतःच्या कर्तृत्वाने मिळणारे नाव यांतील भेद व्याकरणाने त्या काळीच मान्य केला होता. १८४८ पासून पुण्यात सावित्रीबाई फुले शिकवू लागल्या आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यानंतर हा भेद दाखविणारे शब्द मराठीला पुन्हा आवश्यक झाले.

जळगाव जिल्ह्यातील दोन स्त्रियांच्या संदर्भात मराठीने याची दोन भिन्न उत्तरे दिली. असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या लेवा बोलीतील रचना त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देताना ‘कवयित्री’ हे स्त्रीलिंगी पद नावाचाच भाग झाले. हा शब्द ‘कवि’पासून नव्हे, तर ‘कवयितृ’पासून (पु. कवयिता) बनतो. ‘कवियत्री’ असे चुकीचे लेखन वारंवार होते, ते ‘कवि’ शब्दाच्या साम्यामुळे. याच जिल्ह्यातील नाडगावच्या प्रतिभा पाटील (जन्म १९३४) १९६२ मध्ये जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्या आणि २००७ मध्ये भारताच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या वेळी ‘राष्ट्रपती’ या शब्दाच्या स्त्रीलिंगी रूपाची चर्चा झाली; अखेर मूळ शब्दच कायम राहिला. द्रौपदी मुर्मू २०२२ मध्ये त्या पदावर आल्यानंतर एका लोकसभा-सदस्याने ‘राष्ट्रपत्नी’ हा शब्द उच्चारल्याने संसदेत गदारोळ झाला व त्या सदस्यास क्षमा मागावी लागली. मुर्मू यांची मातृभाषा संताळी असून तीत स्त्रीलिंग-पुल्लिंग हा भेदच नाही. सजीव व निर्जीव एवढाच भेद आहे.

व्याकरणदृष्ट्या ‘राष्ट्रपती’ हा शब्द स्त्रीसाठी वापरण्यास प्रत्यवाय नाही. त्यातील ‘पति’चा अर्थ स्वामी, पालक असा आहे. मागे दुसरे पद असता ‘पति’चे स्त्रीलिंगी रूप ‘पत्नी’ असे विकल्पाने होते, असा पाणिनीचा नियम आहे. म्हणून स्त्रीच्या संदर्भात ‘गृहपति’ व ‘गृहपत्नी’ ही दोन्ही रूपे शुद्ध ठरतात. ‘राष्ट्रपत्नी’ हे रूप व्याकरणाने अशुद्ध नसूनही अवमानकारक वाटले, कारण आधुनिक भाषांत ‘पत्नी’ शब्दाचा ‘स्वामिनी’ हा अर्थ लोपून ‘बायको’ हाच उरला आहे. शब्दाची शुद्धता सूत्रावर आणि त्याची योग्यता लोकव्यवहारावर अवलंबून असते, हे पतंजलीचे मत येथे पुन्हा प्रत्ययास येते.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा मिळाल्या व महाराष्ट्रात २०११ पासून हे प्रमाण निम्मे झाले. सरपंच, सभापती, महापौर ही पदे स्त्रियांकडे मोठ्या संख्येने आली. या पदनामांना मराठीने बहुधा स्त्रीप्रत्यय लावले नाहीत. ‘सरपंच म्हणाल्या’, ‘सभापती आल्या’ अशा वाक्यांत लिंग क्रियापदच सांगते. अध्यक्षा, शिक्षिका, लेखिका, संपादिका ही रूपेही बरोबरीने चालतात. स्त्रीचे कर्तृत्व वेगळ्या शब्दाने दृश्य करावे, की पदनाम उभयलिंगी ठेवून समानता दाखवावी, याविषयी मतभेद आहेत. इंग्रजीची प्रवृत्ती दुसऱ्या व जर्मनची पहिल्या पर्यायाकडे अधिक झुकते. मराठीला क्रियापदाच्या साहाय्याने दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात साधता येतात.

लिंगव्यवस्थेवरून समाजातील स्त्रियांच्या स्थानाविषयी थेट अनुमाने काढणे धोक्याचे आहे. लिंगविरहित भाषा बोलणाऱ्या समाजांत स्त्री-पुरुष समता अधिक असते, असे आढळत नाही. स्त्रियांना पुरुषेतर वर्गात घालणाऱ्या गोंडीच्या व्याकरणावरून गोंड स्त्रीचे स्थान ठरत नाही. परंतु शब्दांचा वापर समाजाबाहेर नसतो. मराठी घरांत ‘बाबा आले’ व ‘आई आली’ असे म्हणतात, तेव्हा वडिलांना आदरार्थी अनेकवचन व आईला जवळिकीचे एकवचन मिळते. ही निवड व्याकरणाने लादलेली नाही. ती रूढीने केलेली आहे. व्याकरण रूपे उपलब्ध करून देते. त्यांपैकी कोणते रूप कोणासाठी योजावे, हे बोलणारा समाज ठरवितो आणि काळानुसार बदलतो.